परीक्षेच्या आधी नापासाचं बोला

जानेवारी संपत आला की कोल्हापुरात एक वाद हटकून डोकं वर काढतो. दहावीच्या मुलांना हॉल तिकीट घेऊन अंबाबाईच्या दर्शनाला न्यावं का, शाळेत परीक्षेआधी सामूहिक प्रार्थना ठेवावी का, नवं पेन देवीच्या पायाला लावून आणावं का. एक बाजू म्हणते, पोरं खचलीत, त्यांना श्रद्धेचा आधार द्या. दुसरी म्हणते, देवदेव पुरे झालं, शाळेत समुपदेशक आणा. दोन्हीकडची माणसं तळमळीनं बोलतात, त्याबद्दल शंका नाही. पण दहा मिनिटांत वाद देव आहे की नाही यावर जाऊन अडकतो, आणि ज्या पोरासाठी तो सुरू झाला ते पोर बाजूलाच राहतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. वर्ष वाईट गेलेल्या मुलाला उमेद येते ती पुढं काय होऊ शकतं हे मोठ्यांनी त्याला खरं खरं सांगितल्यानं, आणि सांगितलेलं पाळल्यानं. प्रार्थना याच्या आड येत नाही. घरात श्रद्धा असेल तर ती मुलापासून हिरावून घेण्याचा अधिकार कुणालाही नाही. पण प्रार्थना झाली म्हणून मोठ्यांचं काम संपलं असं होत नाही, आणि शुक्रवारी अर्धा तास समुपदेशक येऊन गेले म्हणूनही होत नाही. मुलाचा आपल्यावरचा भरवसा कशानं टिकतो, हा खरा विषय आहे. त्यावर आपण फार कमी बोलतो.

वर्ष वाईट जातं म्हणजे काय होतं? 2019 ची दहावीची तुकडी आठवून बघा. ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी 55 फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी आहे 43 फूट. करवीर आणि शिरोळ तालुक्यांतली गावंच्या गावं पाण्यात होती. शाळा एक तर बुडालेल्या, नाही तर पूरग्रस्तांच्या छावण्या झालेल्या. त्यातून सावरून ही मुलं मार्च 2020 मध्ये परीक्षेला बसली, तर 23 मार्चचा भूगोलाचा शेवटचा पेपर कोरोनामुळे आधी पुढं ढकलला गेला आणि मग रद्दच झाला. त्यांच्या मागच्या तुकडीची तर परीक्षाच झाली नाही. 2021 चा निकाल अंतर्गत मूल्यमापनावर लागला आणि त्याच जुलैत पंचगंगा पुन्हा पात्राबाहेर आली. या मुलांना आपण कुठल्या तोंडानं सांगणार होतो की घाबरायचं काही कारण नाही? कारण होतं. ते त्यांच्या घराच्या भिंतीवर चिखलाच्या रेघेनं लिहिलेलं होतं.

मी तेव्हा शिरोळ तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये शिकवत होतो. पूर ओसरून वर्ग भरले त्या आठवड्यात दहावीतली एक मुलगी दप्तर घेऊन आली. विज्ञानाची वही उघडायला गेली तर पानांचा लगदा झालेला, शाई पसरून वाळलेली, नाव घातलेलं लेबल तेवढं शाबूत. घरातून निघताना आईनं देव्हाऱ्यातले टाक पदरात बांधून घेतले होते, दुसऱ्या हातात म्हशीचं दावं होतं. वह्या कोण घेणार? वर्गातल्या मुलींनी आपसांत विषय वाटून घेतले. भूमिती एकीनं, विज्ञान दोघींनी, इतिहास एकीनं. आमच्या वर्गशिक्षिकाबाईंनी फक्त एक केलं. शेवटच्या तासाची शेवटची दहा मिनिटं त्यांनी या कामाला दिली, आणि दिवाळीच्या सुट्टीपर्यंत एक दिवसही मोडू दिली नाहीत. मुलगी छावणीत असताना रोज संध्याकाळी आईबरोबर टाकांपुढं दिवा लावायची. घरी परतल्यावरही ते चालूच राहिलं.

आता सांगा, तिला कशानं तारलं? दिव्यानं की वह्यांनी? हा प्रश्न फक्त वाद घालणाऱ्यांना पडतो. तिला तो पडला नाही, कारण तिच्यावर निवड करायची वेळच कुणी आणली नाही.

श्रद्धेच्या बाजूनं जे सांगितलं जातं त्यात मोठं तथ्य आहे आणि ते मोकळेपणानं मान्य करायला हवं. पुराच्या वेळी सरकारी बोट येण्याआधी तालमीतली पोरं आली, तरुण मंडळं आली. मठ आणि मशिदी उघडल्या गेल्या, तिथं चुली पेटल्या. ही माणसं एकमेकांना बांधली गेलेली होती, आणि त्या बांधणीत गणपती, उरूस, जोतिबाची यात्रा, पंढरीची वारी या सगळ्यांचा वाटा आहे. ज्या घरात डॉक्टरची फी द्यायला पैसे नाहीत त्या घरात रात्री झोप लागते ती देवावर भार टाकून. पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला, सगळं काही तुझ्या एकट्याच्या डोक्यावर नाही, असं सांगणारं कुणी तरी लागतं. कित्येक घरांत ते सांगायला देवाशिवाय दुसरं कुणी उरलेलं नसतं. ‘आधी विज्ञानवादी हो, मग तुझं ऐकतो’ असं अशा पोराला म्हणणं निव्वळ कठोरपणा आहे.

पण याच बाजूची एक सवय मला मान्य नाही. नवस बोलताना आपण सहज म्हणून जातो, ‘मनापासून मागितलंस तर आई देणारच.’ निकालात गणित राहिलं की त्याच वाक्याचा अर्थ पोर स्वतःच लावतं: मी मनापासून मागितलं नसेल. म्हणजे पेपरात नापास झालेलं पोर देवापुढंही नापास झालं. ज्याच्या आधारानं त्यानं उभं राहायचं तीच जागा त्याला अपराधी ठरवते. यात देवाचा काय दोष? वाक्य आपलं होतं. आणि ‘श्रद्धा कमी पडली’ असं एकदा म्हटलं की शाळेत वर्षभर गणिताचा शिक्षक का नव्हता, हे विचारायला कुणी उरत नाही.

खरं तर या शहराची जुनी रीत अशी नाही. किरणोत्सव बघा. 31 जानेवारी, 1 आणि 2 फेब्रुवारी, आणि पुन्हा 9 ते 11 नोव्हेंबर. मावळतीचे किरण महाद्वारातून आत येतात. पहिल्या दिवशी देवीच्या चरणांशी, मग कमरेपर्यंत, मग मुखावर. काही वर्षी ते पोचत नाहीत. कधी ढग आड येतात, कधी हवेतली धूळ, कधी महाद्वार रोडच्या बाजूची बांधकामं. अशा वेळी कोल्हापूरचा भाविक काय करतो? आमची भक्ती कमी पडली म्हणून हात जोडून गप्प बसत नाही. अभ्यासक येऊन मोजमाप करतात, कुठल्या इमारतीचा कुठला भाग आड येतो ते दाखवतात, आणि ते काढा अशी मागणी भाविकच लावून धरतात. भक्ती खरी असेल तर किरण भिंतीतून पार होतील, असं आजवर एकाही भक्तानं म्हटलेलं मी ऐकलं नाही. मंदिर बांधणाऱ्यांनीही सूर्याची चाल ध्यानात घेऊनच दगड रचला. देवीच्या बाबतीत जे आपल्याला इतकं स्पष्ट कळतं, ते आपल्याच पोरांच्या बाबतीत का कळू नये? त्यांच्या वाटेत आलेली भिंत आपण मोजली का? एसटीची वेळ, रिकामी शिक्षकाची जागा, बुडालेली वही, बापाचं आजारपण, घरातली रोजची भांडणं. दर्शनाला जरूर न्या. पण येताना भिंतीकडंही बघा.

आता दुसरी बाजू. तिचंही म्हणणं हलकं नाही. परीक्षेची भीती हा धंदा झालाय. बुद्धी वाढवणारे ताईत, गंडे, मंतरलेले पेन विकले जातात, आणि ते विकत घेणाऱ्या आईबापांना पोराच्या वह्यापुस्तकांचा खर्च मात्र जड जातो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या 2013 मधल्या हत्येनंतर महाराष्ट्रानं जादूटोणाविरोधी कायदा केला. कोल्हापूरनं 2015 च्या फेब्रुवारीत कॉम्रेड गोविंद पानसरे गमावले. या शहरात असे प्रश्न विचारणाऱ्यांना धर्मबुडवे म्हणून झटकून टाकणं आपल्याला शोभत नाही. शाळेत सामूहिक प्रार्थना ठेवली तर कुणाची प्रार्थना, हाही प्रश्न आहेच. एकाच बाकावर तीन धर्मांची पोरं बसतात. त्यांतल्या एकाला जरी, ही उमेद आपल्यासाठी नाही, असं वाटलं तरी त्या प्रार्थनेचा उपयोग काय?

हे सगळं मान्य. पण समुपदेशक हे उत्तर म्हणून पुढं येतं तेव्हा मला विचारावंसं वाटतं, राधानगरी, शाहूवाडी, चंदगडच्या वाडीवस्तीवर तो कधी पोचणार? आणि पोचला तर करणार काय? तो मुलाची भीती ऐकून घेईल. ते मोलाचं आहे, काही मुलांच्या बाबतीत तर जिवावरचं संकट टाळणारं आहे. तिथं वेळ न दवडता जाणकाराकडंच जायला हवं, देवऋष्याकडं नव्हे. मात्र ज्या मुलाची भीती खरी आहे, त्याला श्वासाचे व्यायाम शिकवून भीतीचं कारण जात नाही. दिवाळीनंतर बीडकडून ऊसतोडीला आलेली कुटुंबं आपल्या कारखान्यांच्या फडांत उतरतात. त्यांच्या पोरांचं दुसरं सत्र खोपीतच जातं. धाकट्याला सांभाळायचं, वाढं गोळा करायचं, पहाटे आईबापाबरोबर उठायचं. मार्चअखेर ते पोर गावी परततं तेव्हा वर्ष संपलेलं असतं. त्याला उमेद द्यायची म्हणजे त्याच्या मनावर काम करायचं? आईबाप तोडीला गेले तरी पोरं गावातच राहून शिकावीत म्हणून हंगामी वसतिगृहं निघाली, आणि सोबत आलेल्या पोरांना जिथं जातील तिथल्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून शिक्षण हमी कार्ड आलं. जिथं ती नीट चालली तिथं पोरं टिकली. जिथं कागदावर राहिली तिथं पोरांनी कोयता धरला. आशेचं गणित इतकं उघड आहे.

हे कोल्हापूरला कुणी नव्यानं सांगायची गरज नाही. 1896-97 चा दुष्काळ, त्याच्या पाठोपाठ प्लेग, मग पुन्हा दुष्काळ. शाहू महाराजांना 1894 मध्ये राज्याधिकार मिळाले आणि पहिली काही वर्षं अशी गेली. त्या काळात शाळेत जाणाऱ्या पोराचं वर्ष कसं गेलं असेल? महाराज स्वतः श्रद्धावान होते. वेदोक्ताच्या, म्हणजे आपले विधी वैदिक मंत्रांनी व्हावेत या हक्काच्या, प्रकरणात त्यांनी पुरोहितांशी झुंज घेतली ती देव नाकारण्यासाठी नव्हे, देवापुढचा आपला अधिकार मागण्यासाठी. पण प्रजेची पोरं शिकावीत म्हणून त्यांनी अनुष्ठानांवर भिस्त ठेवली नाही. 1901 मध्ये मराठा बोर्डिंग उभं राहिलं, त्याच सुमारास जैन बोर्डिंग, पुढं मुस्लिम, लिंगायत, आणि 1908 मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. दसरा चौकात उभं राहिलं की यातल्या काही इमारती आजही दिसतात. खेड्यातून आलेल्या पोराचा प्रश्न त्यांनी बरोबर ओळखला होता: रात्री कुठं झोपू, दोन वेळा काय खाऊ? 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पोराला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. दंडाची बाजू आज कुणाला कडक वाटेल. मला त्यात राजानं रयतेला दिलेला शब्द दिसतो: तुमच्या पोराचं शिकणं ही आता माझीही जबाबदारी आहे.

आणखी एक मत हटकून कानावर येतं, जुन्या पिढीकडून जास्त. ‘आम्ही रॉकेलच्या दिव्याखाली शिकलो, आम्हाला कुणी उमेद दिली? अडचणीतूनच माणूस घडतो. उद्यमनगर बघा, शाळा सुटलेल्या मिस्त्रींनी उभं केलं.’ या बोलण्यात अभिमान आहे आणि तो रास्त आहे. उद्यमनगरात लेथवर आयुष्य काढून कारखानदार झालेल्या माणसांबद्दल मला नितांत आदर आहे. पण त्यांच्याबरोबर शाळा सुटलेले बाकीचे कुठं गेले? जे निभावले ते आज व्यासपीठावरून बोलतात. जे गळाले त्यांना बोलवतं कोण?

कर्मवीर भाऊराव पाटील याच जिल्ह्यातले, कुंभोजचे. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहून शिकत होते. मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनाला गेले, परतल्यावर शुद्धीची आंघोळ करायला नकार दिला आणि बोर्डिंगातून बाहेर पडावं लागलं. मॅट्रिकचा टप्पा काही त्यांनी गाठला नाही. अडचणीनं माणूस घडतो या मताला याहून चांगला दाखला मिळणार नाही. पण खुद्द भाऊरावांनी यातून काय घेतलं? पोरांना हाल भोगू द्या, घडतील, असं ते म्हणाले का? 1919 मध्ये त्यांनी काले इथं रयत शिक्षण संस्था काढली, आणि पुढं साताऱ्यात सगळ्या जातींची पोरं एका छताखाली, एका पंगतीला बसवली. त्या पोरांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी एकेक दागिना मोडला, शेवटी मंगळसूत्रही. परंपरेत वाढलेल्या बाईसाठी मंगळसूत्र म्हणजे काय हे सांगायला नको. मुलांना श्रद्धा शिकवा म्हणणाऱ्यांनी आणि श्रद्धा नको म्हणणाऱ्यांनी, दोघांनीही या गोष्टीपाशी जरा थांबावं. त्या रात्री जेवलेल्या पोरांना, आपल्यावर कुणाचा तरी जीव आहे, हे वेगळं सांगावं लागलं असेल का?

म्हणून माझी मागणी साधी आहे, आणि तिला विरोध होतो हे मला माहीत आहे. जानेवारीतल्या पालकसभेत प्रत्येक हायस्कूलनं दहावीच्या मुलांना आणि त्यांच्या आईबापांना समोर बसवून नापास झाल्यावर काय होतं ते सांगावं. एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो. पुरवणी परीक्षा पुढच्या मार्चपर्यंत थांबत नाही, त्याच पावसाळ्यात होते. शाळा सुटलीच तर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं. आयटीआयचे काही ट्रेड दहावी नापासालाही खुले आहेत. फॉर्म कुठं मिळतो, तो भरायला कोण मदत करणार आणि पुरवणीसाठी शाळेत तास कोण घेणार, हे त्या शिक्षकांच्या नावांसकट फळ्यावर लिहावं.

लगेच उत्तर येतं: परीक्षेआधी असलं अशुभ कशाला बोलायचं? पोरं ढिली पडतील. हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण तो प्रेमातून येतो. पण अनुभव वेगळं सांगतो. पोर अभ्यास सोडतं ते परतीची वाट आहे म्हणून नव्हे. आता काही उपयोग नाही, असं मनात बसलं की सोडतं. सहामाहीत तीन विषयांत लाल रेघ आलेल्या पोराला ‘नव्वद टक्के पाडायचेच’ असं सांगितलं की त्याला एवढंच कळतं, हे माझ्याशी बोलतच नाहीत, कुणा दुसऱ्याशी बोलताहेत. त्याच पोराला गणितात पस्तीस कसे काढायचे ते तीन प्रकरणं नेमून सांगा. राहिलंच तर पुरवणीला मी शिकवीन, असं नाव घेऊन सांगा. मग ते बसतं. आणि अशुभाचंच म्हणाल, तर पावसाळ्यात राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले की नदीकाठचा प्रत्येक माणूस पाणी कुठवर येईल ते बोलतो, जनावरं कुठं हलवायची ते ठरवतो. पाणी यायच्या आधी पाण्याचं बोलणं अशुभ, असं नदीकाठी कुणी मानत नाही.

निकालाच्या दिवशी ज्या घरात पेढे येत नाहीत त्या घरी आपण त्या दिवशी जात नाही. लाज वाटेल त्यांना, असं म्हणतो. त्याच दिवशी जावं. वर्गशिक्षकानं जावं, मामानं जावं, मंडळाच्या अध्यक्षानं जावं. देवळात ज्यांनी त्या पोराबरोबर हात जोडले होते, त्यांनी तर जायलाच हवं. सोबत पुरवणीचा फॉर्म न्यावा आणि तो तिथंच बसून भरावा.